पवनी : तटाच्या आतील गाव व बाहेरील शेते

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात वैनगंगेच्या उजव्या, म्हणजे पश्चिम काठावर पवनी हे तालुक्याचे ठिकाण वसलेले आहे. भंडाऱ्याहून ते सुमारे ४५ किलोमीटर व नागपुराहून सुमारे ८० किलोमीटर आहे. २०११ च्या शिरगणतीत येथील वस्ती साडेबावीस हजारांच्या घरात भरली. म्हणजे नगरपालिकेच्या कागदांत हे शहर. परंतु ज्येष्ठ संपता संपता ह्या शहरातील निम्मी माणसे आभाळाकडे पाहू लागतात आणि बाजारातील बोलणे बियाणे, परे व रोवणी ह्यांपलीकडे जात नाही. तेव्हा आम्ही त्यास गावच म्हणणार. ह्या मासिकाच्या बहुतेक वाचकांनी पवनी पाहिली असेल. कोणी बैलबाजाराच्या निमित्ताने, कोणी कचेरीच्या कामाने, कोणी पंचमुखी गणपतीच्या दर्शनास. परंतु ज्या मातीवर आपण उभे आहो ती किती जुनी आहे, ह्याचा विचार कचेरीच्या कामात सहसा सुचत नाही. म्हणून हा लेख.

प्रथम जमिनीविषयी. वैनगंगा मध्यप्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटास वळसा घालते, गोंदिया व भंडारा ह्या जिल्ह्यांतून दक्षिणेस उतरते आणि पुढे वर्धेस मिळून प्राणहिता ह्या नावाने गोदावरीत जाते. पवनीपाशी तिचे पात्र रुंद व वाळूचे आहे. नदीच्या दोन्ही तीरांवरील जमिनीत एवढा फरक आहे की, दोन वेगळ्या मुलखांतील शेते पाहिल्याचा भास व्हावा. पश्चिमेस पवनीपासून भिवापूर व उमरेडकडे जावे तसतशी जमीन काळी होत जाते आणि गहू, हरभरा, तूर व मिरची दिसू लागते. भिवापुरी मिरचीचे नाव तर आता भौगोलिक मानांकनाच्या यादीत गेले आहे. ह्याच बाजूस जंगलही आहे. उमरेड, पवनी व कऱ्हांडला ह्या तीन नावांनी ओळखले जाणारे १८९ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य ते हेच. नागझिऱ्याकडून आलेला ‘जय’ नावाचा प्रचंड वाघ ह्याच रानात वावरत असे व २०१६ च्या वसंतात तो जो दिसेनासा झाला तो पुन्हा कोणास दिसला नाही. वर्तमानपत्रांनी त्या वाघासाठी जेवढी शाई खर्चिली तेवढी रानडुकरांनी उद्ध्वस्त केलेल्या हरभऱ्यासाठी कधी खर्चिली नाही, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.

नदी ओलांडून पूर्वेस गेले म्हणजे ‘चौरास’ लागते. आसगावच्या नावापुढे दप्तरात ‘चौ.’ हे अक्षर अद्यापि लिहिले जाते, ते ह्या चौरासचेच. सपाट, गाळाची, ओल धरून ठेवणारी व विहिरीस थोड्या खोलीवर पाणी लागणारी अशी ही पट्टी असून जिल्ह्यात हिच्या तोडीची जमीन थोडी. बाकीच्या जिल्ह्यात धान म्हणजे तलावाचे पाणी आणि तलाव म्हणजे कोहळी समाजाच्या पूर्वजांची करणी, असा हिशेब आहे. चौरासात मात्र विहिरीवर धान, ऊस, भाजीपाला आणि मागाहून उन्हाळी धान, असे सर्व काही निघते. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत ह्या जिल्ह्यातील जमिनींची नावे कन्हार, मोरंड, सिहार, खरडी व बर्डी अशी येतात. आजच्या मृदपरीक्षणाच्या पत्रिकेत सामू व नत्राचे आकडे असतात, ते उपयुक्त आहेतच. पण ‘सिहार’ म्हटल्याबरोबर धान किती दिवसांत पाणी मागेल हे म्हाताऱ्या शेतकऱ्यास जसे कळे, तसे त्या आकड्यांवरून कळत नाही. धान पिवळे पडू लागले की उभ्या पिकातच लाखोळी व जवस फेकण्याची उतेऱ्याची रीत येथील आहे. नांगर नाही, बियाण्याखेरीज खर्च नाही, जमिनीत उरलेल्या ओलीवर दुसरे पीक. असो, जमिनीविषयी लिहू लागलो म्हणजे लेखणी आवरत नाही.

आता तटाकडे वळू. पवनीच्या भोवती मातीचा एक प्रचंड तट आहे. पूर्वेस नदी आहे म्हणून तेथे तटाची गरज पडली नाही. उरलेल्या तीन बाजूंस तट व त्याच्या बाहेर खंदक, अशी रचना आहे. तटावर मागाहून दगडी बांधकाम झाले, बुरूज उभे राहिले आणि एक भव्य दरवाजा अद्याप शिल्लक आहे. पाहणारा तो दरवाजा पाहतो, त्याचे छायाचित्र घेतो आणि परततो. परंतु दरवाजा हा ह्या तटाचा धाकटा भाऊ होय. खरा वडील म्हणजे खालची माती. ती डोक्यावर टोपल्या वाहून घातली गेली त्यास दोन हजारांहून अधिक वर्षे झाली असावीत, असे उत्खनन करणाऱ्या पंडितांचे मत आहे. ज्यांनी धानाच्या बांधीचे धुरे घातले आहेत त्यांस एक हात उंचीच्या धुऱ्यास किती माती लागते हे ठाऊक आहे. त्यांनी ह्या तटाखाली उभे राहून हिशेब करून पाहावा.

तटाच्या पश्चिमेस बालसमुद्र नावाचा तलाव आहे. त्याच्या काठाशी एक टेकडी आहे, तिला जगन्नाथ टेकडी म्हणतात. थोड्या अंतरावर चांडकापूरची टेकडी आहे, आणि हरदोलालाची टेकडी ही तिसरी. लोक ह्या टेकड्यांवर गुरे चारीत, पायथ्याशी पेरा करीत व कधी घरास लागणारी वीट वा दगड उपसून नेत. १९६९–७० साली नागपूर विद्यापीठाचे डॉ. शांताराम भालचंद्र देव आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे श्री. जगत्पती जोशी ह्यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा पहिल्या दोन टेकड्यांच्या पोटातून बौद्ध स्तूप निघाले. त्यांचा वृत्तांत १९७२ साली विद्यापीठाने छापला. पुढे १९९४ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने हरदोलालाच्या टेकडीचेही काम केले व तेथेही स्तूपच निघाला. म्हणजे एका गावाच्या शिवारात तीन स्तूप! सांची व भारहूत ह्यांची नावे शाळेच्या पुस्तकात आहेत. त्याच काळातील, त्याच तोलाचे हे स्थान आपल्या जिल्ह्यात आहे आणि आपल्या शाळांतील मुलांस ते फारसे माहीत नाही, ह्याचा दोष कोणास द्यावा हे ज्याने त्याने ठरवावे.

स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याच्या खांबांवर व आडव्या पट्ट्यांवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत लहान लहान लेख कोरलेले सापडले. हे लेख राजांचे नव्हेत. ज्या ज्या माणसाने खांब वा पट्टी दान दिली त्याचे नाव त्यावर घातलेले आहे, आणि त्यांत उपासक आहेत, भिक्षुणी आहेत, घरधनी आहेत. शिल्पांत बुद्धाची मूर्ती कोठेही नाही. त्या काळी ती घडवीत नसत. रिकामे आसन, बोधिवृक्ष, चक्र अशा खुणांनीच त्याचे अस्तित्व दाखविले आहे. एका खांबावर पाच फण्यांचा नाग त्या रिकाम्या आसनावर छत्र धरून आहे व बाजूस त्याचे नावही कोरले आहे. बुद्धास ज्ञान झाल्यावर मोठे वादळ व पाऊस झाला, तेव्हा मुचलिंद नावाच्या नागाने आपला फणा त्याच्यावर धरला, अशी ती कथा होय. श्रावणात घरोघरी नागाची पूजा करणाऱ्या आपल्या बायामंडळींस हा खांब दाखविला तर त्यांस ओळख पटवून देण्यास पंडिताची गरज लागणार नाही. सापडलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच नागपुरास गेल्या आहेत. पवनीच्या माणसास आपल्या गावाचा दगड पाहण्यास ८० किलोमीटर जावे लागते, ही गोष्ट आम्हांस योग्य वाटत नाही. तथापि येथे त्या ठेवावयाच्या कोठे, हा प्रश्नही खोटा नाही.

स्तूपांखेरीज पवनीस शिलालेखही मिळाले. भार कुळातील भगदत्त नावाच्या राजाचा एक पादुकापट्ट आहे. त्याचे वाचन महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनी प्रसिद्ध केले. ह्या भार कुळाचा संबंध काही पंडित पुराणप्रसिद्ध भारशिवांशी लावतात, काही लावीत नाहीत. दुसरा एक स्तंभ महाक्षत्रप कुमार रुपिअम्म ह्याच्या नावाचा आहे. क्षत्रप म्हणजे मूळचे शक. त्यांची राजधानी पश्चिमेस शेकडो कोसांवर. त्यांच्यापैकी एकाचा स्मृतिस्तंभ वैनगंगेच्या काठी कसा उभा राहिला, ह्यावर विद्वानांचा वाद आहे. आम्हांस त्यावरून इतकेच दिसते की, त्या काळी पवनी हे वाटेवरचे गाव होते, वाटेबाहेरचे नव्हे. आज तिच्या नावाचे ‘पवनी रोड’ हे रेल्वे स्थानक गावापासून कित्येक कोस दूर आहे, आणि त्या नागपूर–नागभीड अरुंद मार्गावरील गाड्याही २०१९ च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी थांबविण्यात आल्या.

परंतु शेतकऱ्यांच्या मासिकात ज्या लेखाविषयी सविस्तर लिहावे तो वेगळाच आहे. वाकाटक घराण्यातील द्वितीय प्रवरसेन ह्या राजाचा एक ताम्रपट पवनीस मिळालेला आहे. हा राजा पाचव्या शतकात होऊन गेला. वाकाटकांचे ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यांची जुडी, कडीत ओवलेली व राजमुद्रा लावलेली. अक्षरांच्या डोक्यावर लहान लहान चौकोनी पेट्या असतात, म्हणून त्या लिपीस पेटिकाशीर्षक म्हणतात. भाषा संस्कृत. परंतु ज्याची हयात महसुली दप्तरात गेली आहे त्या प्रस्तुत लेखकास त्यांतील मजकूर वाचताना परक्या मुलखात गेल्यासारखे वाटत नाही. जुन्या सनदा व बंदोबस्ताच्या मिसली वाचताना जे वाटते तेच वाटते. दान देणारा कोण, घेणारा कोण, गाव वा शेत कोणत्या दिशेस, जमिनीचे माप सरकारी मापाने किती, ही सर्व माहिती क्रमवार येते. निवर्तन हे तेव्हाचे माप होते व ते ‘राजमानाने’ मोजल्याचा उल्लेख काही पटांत आढळतो. म्हणजे गावोगावची मापे वेगळी होती व सरकारास आपले एक माप ठरवावे लागले होते. गावोगावच्या पायलीत व खंडीत फरक असे, हे ज्यांना आठवते त्यांस ह्यात नवल वाटणार नाही.

ह्याहून मौजेची गोष्ट म्हणजे सवलतींची यादी. वाकाटकांच्या दानपत्रांत ती ठरावीक शब्दांत वारंवार येते. दान दिलेल्या गावावर कर बसविला जाणार नाही. सैनिक व राजपुरुष गावात शिरणार नाहीत. गावकऱ्यांकडून गाई-बैल मागितले जाणार नाहीत. फुले व दूध मागितले जाणार नाही. मीठ व दारूच्या खाणीभट्ट्यांचा सरकारी हक्क राहणार नाही. आणि जमिनीतील पुरलेले धन व ठेवी घेणाऱ्याच्या राहतील. ही यादी उलट बाजूने वाचावी. ज्या गावास ही सूट नव्हती, त्या गावात काय चालत असे? दौऱ्यावर आलेला अंमलदार बैल मागे, दूध मागे, फुले मागे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचा एक शब्दही आज शिल्लक नाही. पण त्याला कशाकशाचा जाच होता, ते त्या तांब्याच्या पत्र्यावर राजाच्याच नावाने लिहून ठेवलेले आहे. वेठ-बिगार हा शब्द ज्यांनी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकला असेल, त्यांस आणखी काय सांगावे?

मधला काळ आम्ही भरभर ओलांडतो. १११४ सालच्या रतनपूरच्या शिलालेखात ‘भाणार’ हे नाव येते, ते भंडाऱ्याचे असावे. नंतर देवगडचे गोंड राजे, त्यांमागून नागपूरकर भोसले आणि १८५३ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रज, अशी सत्ता पालटत गेली. ह्या काळात पवनी विणकरांचे गाव म्हणून नावाजली. कोष्टी लोकांनी विणलेली रेशीमकाठी लुगडी व धोतरे दूरवर जात. नदीवर घाट व देवळे उठली. दिवाणघाट व वैजेश्वराचा घाट हे त्यांतील ठळक. आणि पंचमुखी गणेशाची तर विदर्भाच्या अष्टविनायकांत गणना होते. आजमितीस हातमागाची खटखट फार थोड्या घरांतून ऐकू येते. जवळच रुयाड येथे जपानी बौद्धांच्या साहाय्याने नवा महास्तूप उभारला आहे. बाविसशे वर्षांपूर्वीचे स्तूप मातीखाली असता त्याच पंचक्रोशीत नवा स्तूप उठावा व त्यास समुद्रापलीकडील माणसांचे हात लागावेत, हा योगायोग लहान नव्हे.

आता वर्तमानातील मोठी गोष्ट. पवनीच्या उत्तरेस, नदीच्या वरच्या अंगास, गोसीखुर्द येथे वैनगंगेवर धरण झाले आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. तो वाढत वाढत १८ हजार कोटींवर गेला. २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाची लांबी ११ किलोमीटरांहून अधिक, दरवाजे ३३, आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर ह्या तीन जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचा संकल्प. धरणाने काय दिले, हे कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्यास विचारावे. काय घेतले, हे नव्या गावठाणात राहणाऱ्या माणसास विचारावे. दोघेही खरे सांगतात. नदीकाठची जी गावे बुडाली, त्यांची मूळ जमीन बहुधा गाळाची व पहिल्या प्रतीची होती. मोबदला रुपयांत मिळाला. परंतु विहिरीची चव, देवराई, नदीतील वाळवंटावरची टरबुजाची वाडी व धिवर बांधवांचे मासेमारीचे डोह ह्यांस कोणत्याही तक्त्यात रकाना नव्हता.

पाण्याच्या शुद्धतेचाही प्रश्न आहे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीने कन्हानेत व कन्हानेने वैनगंगेत येते, आणि धरणाच्या साठ्यात ते थांबते. जलपर्णी वाढते, मासळी बिघडते, काठावरच्या गावांस पिण्याच्या पाण्याची काळजी लागते. एका शहराची घाण दुसऱ्या जिल्ह्याच्या घागरीत यावी, हा कोणता न्याय? दुसरीकडे, पूर आला म्हणजे आवरत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्यप्रदेशातील संजय सरोवरातून मोठा विसर्ग झाला, गोसीखुर्दचे सर्व दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा, पवनी, लाखांदूर व पलीकडे ब्रह्मपुरीपर्यंतची उभी धाने पाण्याखाली गेली. त्या वेळी जुन्या गावाची उंच जागा किती विचाराने निवडली होती, हे पुष्कळांच्या ध्यानात आले असेल.

ज्यांची शेते तटाच्या वा टेकड्यांच्या आसपास आहेत, त्यांच्यासाठी चार शब्द कायद्याचे. तटाची व टेकडीची माती घरभरणीस, विटांस व रस्त्याच्या भरावास नेण्याची हौस अलीकडे यंत्रांमुळे वाढली आहे. पूर्वी एका गाडीची माती भरण्यास अर्धा दिवस लागे, आता यंत्राचा एक हात खाली गेला की दोन हजार वर्षांचे थर उलटेपालटे होतात. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेल्या स्थानापासून १०० मीटरांच्या आत नवे बांधकाम व खाणकाम बंद आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. ही मर्यादा २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच घातली गेली. तेव्हा जमीन विकत घेण्यापूर्वी वा विहीर खणण्यापूर्वी तहसील कचेरीत चौकशी करावी. मागाहून नोटीस आल्यावर दलालाच्या दारी जाऊ नये.

नांगराच्या फाळास काही लागले तर? १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो की, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने ती कलेक्टरास लेखी कळवावी. ‘दहा रुपये’ हा आकडा आज हास्यास्पद वाटेल. पण कायद्याचा अर्थ एवढाच की, सर्व काही कळवावे. पुष्कळ शेतकरी भितीपोटी नाणी सोनाराकडे वितळवून टाकतात किंवा मूर्ती नदीत सोडून देतात. वस्तुतः कळविणारा गुन्हेगार ठरत नाही, लपविणारा ठरतो. आणि खऱ्या मालकाचा पत्ता लागत नसेल तर सापडणाऱ्याचा व जमीनमालकाचा वाटाही त्याच कायद्यात सांगितलेला आहे. सरकारने वस्तू स्वतःकडे ठेवली तर तिच्या धातूची किंमत व वर पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. वाकाटकांच्या पटात पुरलेले धन ज्याला जमीन दिली त्याचे होते, आणि आताच्या कायद्यात आधी अर्ज करावा लागतो, एवढाच काय तो फरक.

एक काम मात्र सरकारावर सोडून चालणार नाही. विदर्भातील प्रत्येक गावाचे निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज असते. चराईचे रान, गुरांची वाट, सरपणाचा हक्क, मसणवटा, तलावाच्या पाण्याची रीत व मासेमारीचा हक्क ह्यांची नोंद त्यांत असते, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेने त्यांस आधार दिलेला आहे. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, तेव्हा ज्या गावांनी आपले कागद नीट तपासून घेतले त्यांचे हक्क टिकले. आपल्या संघाच्या प्रत्येक शाखेने आपल्या गावाच्या ह्या दोन कागदांची नक्कल काढून घ्यावी, आणि तिच्यासोबत एका वहीत कोणत्याही सरकारी कागदात नसलेली माहिती लिहावी : प्रत्येक शेताचे लोकांच्या तोंडचे नाव, प्रत्येक बोडीचे, प्रत्येक टेकाडाचे व त्याविषयीची कथा. ‘जगन्नाथ’, ‘हरदोलाला’ ही नावे लोकांनी तोंडी जपली म्हणून आज त्या टेकड्या नावानिशी पुस्तकात आहेत. बुडालेल्या गावांच्या शेतांची नावे सांगणारी माणसे नव्या गावठाणांत अद्याप आहेत. त्यांच्यापासून आरंभ करावा, कारण त्यांचे वय थांबत नाही. ह्यासाठी पंडित नको. चौथी शिकलेला मुलगा व ऐंशी वर्षांचा म्हातारा, एवढी सामग्री पुरते. वह्या आल्यास त्यांतील निवडक भाग ह्या मासिकात छापण्याची विनंती आम्ही संपादकांस करून ठेवली आहे.

ज्यांस पवनी नव्याने पाहावयाची असेल त्यांनी पौष-माघात जावे. त्या वेळी मळणी आटोपलेली असते, उतेऱ्याची लाखोळी हिरवी असते, आणि तटाच्या उतारावरून पाय घसरत नाही. बालसमुद्राच्या बाजूने आरंभ करून जगन्नाथ टेकडी पाहावी, मग तटाच्या कडेने दरवाजापर्यंत यावे व शेवटी घाटावर उतरावे. श्रावण-भाद्रपदात जाऊ नये. बांध्यांत धान उभे असता पाहुण्यांनी धुऱ्यांवरून हिंडावे, हे तेथील शेतकऱ्यांस आवडत नाही.